रील पैठणीची, पत्ता कुणाचा?

ऑक्टोबर 2010 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत मर्सिडीज-बेंझच्या 150 गाड्या एकाच खेपेला विकल्या गेल्या. सौदा सुमारे 65 कोटी रुपयांचा होता. देशभरच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी छापली, कारण महागड्या मोटारींचे गिऱ्हाईक मुंबई-दिल्लीत असते आणि मराठवाड्यात नसते, असा तोवरचा समज होता. ही मागणी कुठल्या जाहिरातमोहिमेने निर्माण केली नव्हती. शहरातल्या काही उद्योजकांनी एकत्र खरेदी करायचे ठरवले, शब्द एकाकडून दुसऱ्याकडे गेला, डॉक्टर, बिल्डर, व्यापारी गटात येत गेले, आणि शेवटी कंपनीसमोर उभी राहिली ती घाऊक मागणी. ओळखीचा माणूस घेतो आहे, मग आपणही घ्यावी, ही साधी गोष्ट इथे कोट्यवधींच्या विक्रीला पुरली.

त्याच वर्षी 21 एप्रिलला फेसबुकने आपले ‘लाइक’ बटण कोणत्याही वेबसाइटवर बसवण्याची सोय खुली केली होती. लिव्हाइस या जीन्सच्या कंपनीने ते लगेच उचलले. तिच्या वेबसाइटवर प्रत्येक जीन्सखाली बटण आले आणि ‘फ्रेंड्स स्टोअर’ नावाचा एक विभाग उघडला. फेसबुकवर खाते असलेला ग्राहक तिथे शिरला, की त्याच्या मित्रमैत्रिणींना आवडलेले कपडे त्याच्यासमोर मांडले जात. औरंगाबादेत जे तोंडोतोंडी झाले, तेच कंपन्यांना आता यंत्राकडून करून घ्यायचे होते.

या खटाटोपामागचे कारण समजायला अवघड नाही. 2000 च्या आसपासची कंपनीची वेबसाइट म्हणजे छापील माहितीपत्रकाची पडद्यावरची नक्कल असे. अध्यक्षांचा संदेश, कारखान्याचा फोटो, उत्पादनांची यादी, संपर्काचा पत्ता. एकदा पाहिलेला माणूस तिकडे पुन्हा फिरकत नसे. दुसरीकडे तोच माणूस आधी ऑर्कुटवर, मग फेसबुकवर रोज जात होता आणि साबणापासून स्कूटरपर्यंत सगळ्याविषयी बोलत होता. हे बोलणे आपल्या पानावर कसे आणायचे, हा प्रश्न कंपन्यांना पडला. त्याची उत्तरे वेगवेगळी निघाली आणि त्यांतली बरीच फसली. शॉपिंगच्या रील्सनी फोन भरून गेलेल्या आजच्या काळात त्या फसण्याची कारणे पैठणच्या विणकराच्याही कामाची आहेत.

भारतातला एक मोठा प्रयत्न 2006 चा. तेव्हाच्या हिंदुस्थान लिव्हरने सनसिल्क शाम्पूसाठी ‘गँग ऑफ गर्ल्स’ ही फक्त मुलींसाठीची वेबसाइट काढली. मुलींनी आपापल्या टोळ्या बनवायच्या, गप्पा मारायच्या, केसांविषयी सल्ले घ्यायचे, असा तो बेत होता. फेसबुक भारतात घरोघरी पोहोचण्याआधी एका शाम्पूने स्वतःचे समाजमाध्यम उभारले, हे धाडस मोठे होते. अडचण अशी, की गप्पांसाठी माणसे जमवणे आणि जमलेली टिकवणे हा एक वेगळाच व्यवसाय आहे. ज्या मैत्रिणींशी बोलायचे त्या दुसरीकडे गेल्या की मुलीही तिकडे गेल्या. आज ती वेबसाइट नाही.

महाराष्ट्राने मात्र यापूर्वीच एक वेगळा धडा पाहिला होता, आणि तोही इंटरनेटवर नव्हे. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत ‘महाराष्ट्र टाइम्स’ने नवरात्रात रोजचा रंग जाहीर करून त्या रंगाच्या साड्या नेसलेल्या वाचक स्त्रियांचे फोटो छापायला सुरुवात केली. बँका, शाळा, रुग्णालये, सरकारी कचेऱ्या, लोकलचे डबे असे सगळीकडचे गट फोटो पाठवू लागले. मजकूर वाचकांचा, चेहरे वाचकांचे, पान मात्र वर्तमानपत्राचे. कुठला फोटो छापायचा, किती मोठा छापायचा, खाली नाव काय द्यायचे, हे संपादक ठरवत. पुढे फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅप आले तेव्हा हे नऊ रंग आयतेच तिथे गेले आणि साडी-दुकानांनी त्यावर आपला हंगाम बांधला. हीच रीत इंटरनेटवर दिसली ती लंडनच्या बर्बेरी कंपनीने नोव्हेंबर 2009 मध्ये ‘आर्ट ऑफ द ट्रेंच’ ही वेबसाइट काढली तेव्हा. ग्राहकांनी कंपनीचा लांब कोट घातलेले आपले फोटो पाठवायचे, कंपनीने निवडून लावायचे, इतरांनी त्यावर बोलायचे. जगभर तिचे कौतुक झाले. मराठी वाचकाला त्यात नवीन वाटण्यासारखे फारसे काही नव्हते.

स्किटल्सची गोष्ट नेमकी उलटी. मार्च 2009 मध्ये मार्स कंपनीच्या या रंगीत गोळ्यांच्या वेबसाइटने आपले पहिले पानच काढून टाकले. स्किटल्स डॉट कॉम उघडले की समोर थेट ट्विटर दिसे: जगात कुणीही ‘स्किटल्स’ हा शब्द वापरून काहीही लिहिले, की ते क्षणात त्या पानावर. कंपनीचे म्हणावे असे तिथे कोपऱ्यात तरंगणारी एक छोटी चौकट तेवढी होती. तीत उत्पादनाच्या माहितीवर बोट ठेवले की विकिपीडिया उघडे, मित्रांवर ठेवले की फेसबुक. बॉस्टनच्या मॉडर्निस्टा या जाहिरातसंस्थेने आदल्या वर्षी असाच प्रयोग केला होता, पण तो धंद्यातल्या माणसांपुरता राहिला. स्किटल्सकडे सगळ्यांचे लक्ष गेले. गर्दी झाली, आणि आपण लिहू ते एका मोठ्या कंपनीच्या दारावर झळकते हे कळताच लोकांनी शिव्या आणि अश्लील मजकूर लिहायला सुरुवात केली. दोन-तीन दिवसांत कंपनीने ट्विटर पहिल्या पानावरून हलवून तिथे आपले फेसबुकचे पान आणले.

त्या काळात याला अनेकांनी यशही म्हटले, कारण जगभर नाव झाले. गोळ्यांच्या पाकिटापुरते ते खरेही असेल. पाकीट स्वस्त, चव माहीत, फसलो तर नुकसान किरकोळ. माहिती विकिपीडियावर सोडून दिली तरी कुणाचे काही अडत नाही. ज्या वस्तूत महिन्यांचे श्रम आणि घराची बचत गुंतलेली असते, तिचे असे चालत नाही.

पुढचा टप्पा दुकानच फेसबुकवर नेण्याचा होता. गॅप, जेसी पेनी, नॉर्डस्ट्रॉम, गेमस्टॉप अशा अमेरिकी साखळ्यांनी फेसबुकच्या आत दुकाने उघडली आणि 2012 च्या सुरुवातीपर्यंत ती बंदही केली. लोक तिथे ओळखीच्यांशी बोलायला येत होते, आणि खरेदी करायची तर कंपनीची स्वतःची वेबसाइट एका बोटावर होती.

तोवर ब्रँडनी एक मोठी चूक करून ठेवली होती. दुकानाच्या पाटीवर, पिशवीवर, दूरचित्रवाणीच्या जाहिरातीत स्वतःच्या वेबसाइटचा पत्ता काढून ‘फेसबुकवर आम्हाला लाइक करा’ असे छापले गेले. स्वतःच्या खर्चाने गोळा केलेला ग्राहक दुसऱ्याच्या आवारात नेऊन बसवला. मग आवाराच्या मालकाने नियम बदलले. ओगिल्व्ही या जाहिरातसंस्थेने शंभराहून अधिक ब्रँडच्या पानांचा अभ्यास केला, तेव्हा पैसे न भरता टाकलेली पोस्ट ऑक्टोबर 2013 मध्ये पानाच्या सरासरी 12 टक्के चाहत्यांपर्यंत पोहोचत होती. फेब्रुवारी 2014 मध्ये ते प्रमाण 6 टक्क्यांवर आले. जानेवारी 2018 मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी मित्र आणि कुटुंबीयांच्या पोस्टना प्राधान्य देणार असल्याचे जाहीर केले आणि कंपन्यांच्या पोस्ट आणखी मागे ढकलल्या गेल्या. लाख चाहते असलेल्या पानाला त्याच चाहत्यांपर्यंत पोहोचण्यासाठी जाहिरातीचे पैसे भरावे लागू लागले.

वेबसाइटवर समाजमाध्यमातला मजकूर दिसतो कसा, हेही इथे सांगायला हवे. तो मजकूर सहसा त्या वेबसाइटवर साठवलेला नसतो. पान उघडले की ते इन्स्टाग्राम किंवा एक्स (पूर्वीचे ट्विटर) यांच्या यंत्रणेकडे मागणी पाठवते, तिकडून फोटो आणि शब्द येतात आणि आखून ठेवलेल्या चौकटीत बसतात. म्हणजे ती चौकट दुसऱ्याच्या घरात उघडणारी खिडकी असते, आणि तिची कडी आतून असते. 2023 मध्ये ट्विटरने ही मागणी फुकट पुरवणे थांबवले. 4 डिसेंबर 2024 रोजी इन्स्टाग्रामने साध्या वैयक्तिक खात्यांसाठीची अशी जुनी सोय बंद केली. ज्यांनी पहिल्या पानाचा अर्धा भाग ‘आमचे इन्स्टाग्राम’ म्हणून सोडला होता, त्यांच्यापैकी अनेकांच्या वेबसाइटवर तिथे रिकामी जागा उरली.

रिकामी चौकट भरून काढता येते. संपूर्ण व्यवसायच एका ॲपवर उभा असेल तर काय होते, ते 29 जून 2020 च्या रात्री दिसले. केंद्र सरकारने 59 चिनी ॲपवर बंदी घातली, त्यांत टिकटॉक होते. मराठवाडा-विदर्भाच्या खेड्यांतल्या कितीतरी मुलामुलींनी तिथे मोठा प्रेक्षक मिळवला होता. तो नव्या ॲपवर बरोबर नेता आला नाही, कारण प्रेक्षकांची नावे आणि फोन नंबर त्यांच्याकडे नव्हतेच. 4 ऑक्टोबर 2021 रोजी रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही एकदम बंद पडले आणि सुमारे सहा तास बंद राहिले. घटस्थापना 7 ऑक्टोबरला होती. नवरात्राच्या साड्यांच्या ऑर्डरी फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर घेणाऱ्यांसाठी ही वेळ फार वाईट होती.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे यांची ‘आपली आजी’ ही यूट्यूब वाहिनी महाराष्ट्राला ठाऊक आहे. नातवाच्या मदतीने आजींनी चुलीवरचे आणि घरचे पदार्थ दाखवायला सुरुवात केली, लाखो लोक पाहू लागले, आणि त्यांच्या हातच्या मसाल्यांनाही मागणी आली. आधी माणूस आवडला, मग त्याच्या हातची वस्तू हवीशी झाली. कंपन्या कोट्यवधी खर्चून जे साधू पाहतात ते इथे आपोआप घडले. ऑक्टोबर 2020 मध्ये ही वाहिनी हॅक झाली. काही दिवसांत ती परत मिळाली, हे सुदैव. आजींचे कौशल्य, शब्द आणि चेहरा कुणी पळवू शकत नव्हते. लोकांपर्यंत जायची वाट मात्र त्या दिवसांत त्यांच्या हातात नव्हती.

आता छत्रपती संभाजीनगरकडे, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादकडे, परत यावे. शहरातले बरेचसे छोटे धंदे आज रीलवरच दिसतात, आणि काहींना तेवढे पुरतेही. उस्मानपुऱ्यातल्या तारा पान सेंटरचे पाच हजार रुपयांचे ‘कोहिनूर’ पान यूट्यूबवरच्या व्हिडिओंनी देशभर पोहोचवले. पान खायचे तर माणसाला उस्मानपुऱ्यात यावेच लागते. समोरच्या माणसाला पाहून, विचारून तो विकत घेतो. व्हिडिओने गिऱ्हाईक दारापर्यंत आणले की त्याचे काम झाले.

पैठणी आणि हिमरूची गोष्ट वेगळी आहे, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. पैठण शहरापासून सुमारे 50 किलोमीटरवर. पारंपरिक पैठणीच्या पदरावरचा मोर, मुनिया किंवा असावलीची वेल विणताना प्रत्येक रंगाचा धागा स्वतंत्र कांडीवरून येतो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवला जातो. त्यामुळे पदर उलटला तरी नक्षी पुढच्या बाजूसारखीच स्वच्छ दिसते. यंत्रमागावरच्या, बाजारात ‘सेमी पैठणी’ म्हणून मिळणाऱ्या साडीच्या मागे लोंबणारे किंवा कापलेले धागे दिसतात. एका साडीला नक्षीप्रमाणे महिना, कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागते. म्हणूनच दुकानात जाणकार बाई आधी पदर उलटा करून बघते. रीलमध्ये पदर झळकतो तो समोरून, वर जरीवर पाडलेला उजेड आणि मागे गाणे. दोन हजारांची साडी आणि पन्नास हजारांची साडी त्या पंधरा सेकंदांत सारखीच दिसते. खाली लिहिलेले असते, ‘किंमत डीएममध्ये’.

हिमरूत उलट बाजूची खूण निराळी. सुती ताणा, नक्षीला रेशमी बाणा, आणि नक्षीचे जादा धागे कापडाच्या मागे मोकळे सोडलेले. त्यांचा मऊ थर अंगाला लागतो. चौदाव्या शतकात महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा आलेल्या कारागिरांशी ही कला जोडली जाते, आणि निजामाच्या काळात तिचे कापड उमरावांच्या शेरवानीला जाई. आज हातमागावर हिमरू विणणारे मोजकेच उरले आहेत. ज्याने पैठणीची पारख ऐकली आहे असा ग्राहक हिमरूच्या मागचे मोकळे धागे पाहून माल खोटा समजेल. ही गोष्ट सांगायला रील अपुरी आहे, आणि स्टेटस तर चोवीस तासांत पुसले जाते.

विणकराच्या स्वतःच्या वेबसाइटचे खरे काम इथे सुरू होते. त्या पानावर साडीच्या दोन्ही बाजूंचे जवळून घेतलेले फोटो असावेत. माग कुठला, ताणा-बाणा कशाचा, जर कोणत्या प्रतीची, विणायला किती दिवस लागले आणि किंमत किती, हे उघड लिहिलेले असावे. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. शुद्ध रेशमासाठी सिल्क मार्कचे क्रमांक असलेले होलोग्राम-लेबल आहे. हातमागासाठी हँडलूम मार्क आहे. यांपैकी आपल्याकडे काय आहे, ते छायाचित्रासह दाखवता येते. रीलने लोकांना थांबवावे आणि या पानावर आणून सोडावे. 2023 च्या एप्रिलपर्यंत इन्स्टाग्राम खात्याच्या परिचयात एकच दुवा देऊ देत असे, आता पाच देता येतात. पहिला दुवा आपल्या घरचा असला पाहिजे. पत्ता मराठीतही घेता येतो, देवनागरीतले ‘.भारत’ हे डोमेन 2014 पासून उपलब्ध आहे आणि ज्या भाषांनी त्याची सुरुवात झाली त्यांत मराठी होती.

समाजमाध्यमातले सगळेच टाकाऊ नाही, हे आग्रहाने म्हणायला हवे. लश या ब्रिटिश सौंदर्यप्रसाधन कंपनीने नोव्हेंबर 2021 मध्ये फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक आणि स्नॅपचॅट सोडले. जगभर दुकाने असलेल्या कंपनीला ते परवडते, पैठणच्या घरातल्या मागाला परवडणार नाही. न्यू जर्सीतल्या किंवा पुण्यातल्या मुलीला माग चालताना बघायला मिळतो, ती व्हिडिओ कॉलवर विणकराशी बोलून रंग ठरवते, मधल्या व्यापाऱ्याचा वाटा वाचतो, हे सारे याच माध्यमांमुळे शक्य झाले. लग्नात ती साडी नेसून तिने काढलेला फोटो ही विणकराची सर्वांत मोठी जाहिरात आहे. तो तिच्या परवानगीने, तिच्या दोन ओळींसह, विणकराच्या स्वतःच्या पानावर साठवून ठेवावा. परवानगी ही केवळ रीत नाही: फोटोचे हक्क सहसा काढणाऱ्याचे असतात, त्यामुळे दुसऱ्याच्या खात्यावरून उचलून लावणे चुकीचे आहे. आणि पैसे किंवा साडी देऊन करून घेतलेली स्तुती ही जाहिरात आहे हे सांगणे जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने, म्हणजे ॲस्कीने, 2021 पासून आवश्यक केले आहे.

कायद्याचीही बाजू आहे. 2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्या वेबसाइटने व्यवसायाचे कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव दाखवायचे असते. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. घरची एखादी वस्तू विकून टाकणाऱ्या व्यक्तीला हे नियम लागू नाहीत. नियमित धंदा करणाऱ्याला ती सूट नाही. ऑनलाइन अभिप्राय खरे आहेत की विकत घेतलेले, यासाठी भारतीय मानक ब्युरोने 2022 मध्ये आयएस 19000 हे मानक आणले. हे वाचून छोट्या विक्रेत्याला धाक वाटू नये. नाव-पत्ता देणाऱ्या प्रामाणिक विणकरात आणि पैसे घेऊन खाते बंद करणाऱ्यात फरक दाखवणारी हीच तर खूण आहे.

पैठणच्या पैठणी केंद्रांनी, हातमाग सहकारी संस्थांनी आणि शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी मिळून विणकरांना अशी साधी, मराठीतली, फोनवर लवकर उघडणारी पाने बनवून द्यावीत. त्यासाठी लागणारे तंत्र आज तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला येते. ग्राहकाची यादी, जुन्या ऑर्डरींची नोंद आणि फोटोंचा संग्रह विणकराच्या ताब्यात राहील, एवढी एकच अट घालावी.

आणि वाचकांनी फोनवरून पैठणी घेताना पैसे पाठवण्यापूर्वी विक्रेत्याकडे तीन गोष्टी मागाव्यात: पदराच्या मागच्या बाजूचा फोटो, सिल्क मार्कचा क्रमांक, आणि पूर्ण नाव-पत्ता असलेले बिल. पैसे गेले आणि वस्तू वेगळीच आली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, आणि तिथे मराठीत तक्रार नोंदवता येते.